पासबुक आणि प्रार्थना



मी शाळेतून निवृत्त झालेली बाई. धर्मशास्त्राचे शिक्षण माझ्याजवळ नाही. पण तीस वर्षे वर्ग सांभाळला, घर सांभाळले आणि आमच्या मंडळीतल्या महिला मंडळाची जमाखर्चाची वही लिहिली. देवावर विसंबणे घराघरात कसे पाळले जाते आणि कुठे मोडते, ते मी जवळून पाहिले आहे. त्याबद्दल तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

आधी माझेच सांगते.

निवृत्तीची रक्कम हातात आली तेव्हा तिचा मोठा भाग मी आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत ठेवला. व्याज बँकेपेक्षा जास्त होते. संचालक ओळखीचे होते. दर महिन्याला मी पासबुक भरून आणायची. घरी आल्यावर शेवटचा आकडा पुन्हा एकदा पाहायची. मग ते कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवायची. एका सोमवारी गेले तर शटरला कुलूप. बाहेर गर्दी. एक म्हातारे गृहस्थ पायरीवर डोके धरून बसले होते.

त्या रात्री मी गुडघे टेकले आणि मला प्रार्थना सुचेना. लहानपणापासून जी रोज केली, ती प्रार्थना. शब्द तोंडात येत होते, मन मात्र त्या शटरपाशी उभे होते. तेव्हा मला कळले की इतकी वर्षे मी प्रभूचे नाव घेऊन झोपत होते, पण झोप लागत होती ती कपाटातल्या पासबुकामुळे.

पैसे अडकल्याचे दुःख खरेच होते. त्यातले थोडे पुढे मिळाले, बरेच अजून मिळालेले नाहीत. पण आपल्या जिवाचा भार आपण नेमका कुठे ठेवला होता हे उघडे पडले, त्याचे दुःख मला जास्त झाले. तुमच्यावर अशा रीतीने ते कळण्याची वेळ येऊ नये, म्हणून हे सांगते आहे.

आज रात्री एवढे करा. भांडीकुंडी आवरली की दहा मिनिटे शांत बसा. स्वतःला विचारा, कशाची आठवण झाली की मला हायसे वाटते? आणि काय गेले तर माझे पाय गळतील? जे मनात येईल ते कागदावर लिहा. कुणाची नोकरी असेल. कुणाचा दुबईतला मुलगा. कुणाचे दीड एकर बागायत, कुणाचे सोने, कुणाचे दुकान. कुणाचा धडधाकट नवरा. लाजू नका. कागद कुणाला दाखवायचा नाही.

त्या कागदावरची कुठलीही गोष्ट वाईट नाही. नोकरी देवाने दिली, मुलगाही देवाने दिला. फक्त इतके पाहा, की देणाऱ्याच्या जागी आपण देणगीला तर बसवले नाही ना.

प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात पाखरांचे उदाहरण दिले, ते तुम्हाला पाठ असेल. मत्तयाचा सहावा अध्याय. पण तो वाचून काही जण हात बांधून बसतात, तेव्हा मला वाईट वाटते. पाखरे घरट्यात चोच उघडून बसून राहत नाहीत. चिमणी पहाटेपासून दाणे टिपत असते. ती काम करते. उद्याच्या भीतीने आजचा दाणा तिला कडू लागत नाही, एवढाच तिचा आणि आपला फरक.

साठवण्याचेही तसेच. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरून ठेवला. ते देवाने दिलेल्या इशाऱ्यावरून झाले, आणि त्या धान्यावर पुढे देशोदेशीची माणसे जगली. लूकच्या बाराव्या अध्यायातल्या श्रीमंत शेतकऱ्यानेही कोठारे बांधायची ठरवली, आणि त्याला देवाने मूर्ख म्हटले. दोघांचेही कोठारच होते. मग फरक कुठला? त्या शेतकऱ्याचे बोलणे एकदा मोठ्याने वाचून पाहा. सगळे माझे, माझे आणि माझे. शेजारी त्यात कुठेच नाही. योसेफाच्या कोठाराला भुकेल्यांसाठी दार होते.

रानातल्या मान्नाचीही गोष्ट ध्यानात ठेवा. सकाळसाठी लपवून ठेवला त्याला किडे पडले. पण सहाव्या दिवशी दोन दिवसांचा गोळा करायला देवानेच सांगितले होते, आणि तो नासला नाही. म्हणजे साठवू नका असे पवित्र शास्त्र सरसकट म्हणत नाही. भीतीने साठवलेले टिकत नाही, एवढे मात्र मी शिकले.

एक जुनी आठवण सांगते. १९७२ चा दुष्काळ. मी नऊ-दहा वर्षांची होते. आमच्या नगर जिल्ह्यात विहिरी आटल्या होत्या. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. पोरांना सुकडी मिळायची. घरात मिलोची लाल भाकर. घशाखाली उतरायची नाही. त्या भाकरीपुढे आई डोळे मिटून उपकार मानायची, आणि मला तिचा राग यायचा. आभार कसले मानतेस, असे एकदा मी म्हणाले सुद्धा. ती रागावली नाही. तिने तिच्या वाटची अर्धी भाकर मोडली आणि शेजारच्या एकट्या म्हातारीला देऊन यायला मला पाठवले.

आईजवळ पासबुक नव्हते. पदराच्या गाठीत चार नाणी असत आणि तीही ती मोजून खर्च करी. उधळी तर मुळीच नव्हती. पण तिला रात्री झोप लागत असे. माझ्याजवळ तिच्या शंभरपट होते आणि शटर बंद झाले त्या रात्री मी जागी होते. हे मी फार दिवस मनात घोळवले आहे.

आपल्या ख्रिस्ती समाजाबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी एक वाक्य असे, ‘मिशन आहे ना!’ अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ पासून नगरला काम सुरू झाले. शाळा, दवाखाने, वसतिगृहे उभी राहिली. कित्येक घरांना मिशनची नोकरी मिळाली, राहायला मिशनच्या आवारात खोली मिळाली. त्या उपकाराची मी लेक आहे. पण हळूहळू काय झाले? मिशन म्हणजेच देवाचा हात, असे आपण समजू लागलो. पुढे परदेशी मिशनरी गेले, पैसा आटला, आवारांवरून कोर्टकज्जे सुरू झाले. मग कित्येक घरांचा देवावरचाच विश्वास डळमळला. ज्याच्यावर देवाचे नाव लिहिले आहे तो आधारही माणसाचाच असू शकतो. चर्चची इमारत, ट्रस्टची जागा, आपल्या माणसाची संस्था, यांनाही हेच लागू. तुमच्या कागदावर ‘चर्च’ असे आले असेल तर तेही तपासा.

विसंबणे म्हणजे काय, हे मला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यावरून सर्वांत चांगले कळते. तुमच्या मुलांना ती हकीकत जरूर सांगा.

त्यांचा जन्म १८५८ चा. तरुणपणीच दुष्काळात आई-वडील गेले, थोरली बहीण गेली. मग भाऊ गेला. लग्न झाले, आणि दोन वर्षांच्या आत नवरा पटकीने गेला. कडेवर लहानगी मनोरमा. माणूस ज्या ज्या आधाराला धरून उभा राहतो, तो एकेक आधार त्यांच्या हातून सुटला होता. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते. म्हणजे कागदावर सारे ठीक होते.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली अन्नाविना मरत होत्या. रमाबाईंनी स्वतः भूक सोसली होती. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. या मुलींसाठी कुणी पैसे कबूल केलेले नव्हते. त्याच काळात पुण्यात प्लेग. मुलींना शहरात ठेवता येईना. मग दौंडजवळ केडगावच्या माळावर त्यांची सोय केली. तेच पुढे मुक्ती मिशन झाले.

आता इथे नीट लक्ष द्या. ब्रिस्टॉलमध्ये जॉर्ज म्यूलर यांनी कुणापुढे हात न पसरता, फक्त प्रार्थनेच्या बळावर अनाथालय चालवले होते. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते आणि त्याचा त्यांच्यावर मोठा परिणाम झाला होता. पण प्रार्थना करून त्या बसून राहिल्या नाहीत. केडगावला विहिरी खणल्या. फळझाडे लावली. मुलींच्या हाती माग दिले, शिवणकाम दिले, छापखाना दिला. रमाबाईंनी स्वतः मराठीत भाषांतर केलेले बायबल त्याच छापखान्यात बायकांच्या हातून छापले गेले. मनोरमा १९२१ मध्ये गेली, १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, आणि ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्ती मिशन आजही चालू आहे.

पाण्यासाठी प्रार्थना करायची आणि विहीरही खणायची. रमाबाईंना या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्याच नसाव्यात असे मला वाटते.

दुसरे उदाहरण जरा वेगळे आहे. नारायण वामन टिळकांचे. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. १९१७ मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. माणूस मोठाच. पण पैसा त्यांच्या हातात टिकत नसे, आणि घरात चूल पेटवायची चिंता त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना असे. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचा, म्हणजे त्या माउलीने काय काय निभावले ते कळेल. मला टिळकांविषयी फार आदर आहे. तरीही सांगते, पुरुषमंडळींनी हे मनावर घ्यावे. तुमच्या विश्वासाचे ओझे बायकोच्या एकटीच्या डोक्यावर टाकू नका. नोकरी सोडायची, जमीन विकायची, मोठे दान द्यायचे, तर आधी दोघांनी बसून प्रार्थना करा आणि दोघांचे एक मत होईपर्यंत थांबा. घाई देवाला नसते.

आता घरात करायच्या काही गोष्टी.

पगार किंवा मालाची पट्टी हातात आली की देवाचा वाटा आधी बाजूला काढा. उरले तर देऊ म्हटले की कधीच उरत नाही. दहावा हिस्सा जमत असेल तर दहावा द्या. नसेल तर विसावा द्या, पण पहिला द्या. मिझोरममधल्या ख्रिस्ती घरांत बायका स्वयंपाक करताना शिजवायच्या तांदळातून एक मूठ आधी बाजूला काढतात आणि तो तांदूळ चर्चला देतात. त्या मुठीमुठींतून तिथे सुवार्तेचे मोठे काम उभे राहिले. ज्वारीच्या डब्यापाशीही हे करता येईल.

महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून हिशेब पाहा. मुलांनाही बसवा. आधी पवित्र शास्त्रातला उतारा, मग हिशेबाची वही. कर्ज असेल तर मुलांपासून लपवू नका. लपवलेले कर्ज घर पोखरते.

कागदपत्रे एका पिशवीत ठेवा आणि ती कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी सांगा. खात्यांना नॉमिनी लावा. मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, फार अवघड नाही. मृत्युपत्र करणे अशुभ आहे असे ख्रिस्ती माणसाने म्हणू नये. मागे राहणाऱ्यांवर प्रेम आहे म्हणूनच ते करायचे.

ठेव कुठे ठेवता ते डोळे उघडे ठेवून पाहा. बँकेतल्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे, एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. मला हे आधी ठाऊक नव्हते. तुम्हाला असू द्या. सगळे एकाच जागी ठेवू नका. आणि एवढे करूनही आकड्यावर जीव टांगू नका.

काही माणसांपासून जपा. ती बहुतेक वेळा हसतमुख असतात आणि बायबल घेऊनच येतात.

पैसे दामदुप्पट करून देतो म्हणणारा आपल्या मंडळीतला असला तरी त्याला नम्रपणे नाही म्हणा. एकत्र प्रार्थना केल्यावर लगेच पैशाचा विषय काढणाऱ्याला तर जास्तच. मोठ्या सभेत कुणी म्हणाले की आज इतके हजार अर्पण करा, देव शंभरपट देईल, तर पर्स उघडू नका. देवाशी सौदा होत नाही. सारफथच्या विधवेची गोष्ट राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे. तिच्या मडक्यातले पीठ सरले नाही, एवढेच तिथे लिहिले आहे. मडके ओसंडून वाहिले असे लिहिलेले नाही. रोजच्यापुरते रोज मिळाले. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण आजचीच भाकर मागतो.

आणि विश्वास असेल तर गोळ्या बंद करा, असे सांगणाऱ्याचे मुळीच ऐकू नका. मधुमेहाची, रक्तदाबाची, फिटची, टीबीची गोळी चालू ठेवा आणि प्रार्थनाही चालू ठेवा. लूक स्वतः वैद्य होता. गोळ्या सोडून गेलेली माणसे मी पुरलेली पाहिली आहेत. त्यांच्या मुलांना पुढे देवाचे नाव नको झाले.

तरीही एखाद्या दिवशी तुमच्याही शटरला कुलूप दिसेल. कारखाना बंद होईल, कांद्याचा भाव पडेल, तपासणीचा रिपोर्ट वाईट येईल. त्या दिवशी काय करायचे?

पहिल्या रात्री मोठा निर्णय घेऊ नका. काही विकू नका, कुणाकडून व्याजाने उचलू नका. प्रार्थना सुचली नाही तर सुचली नाही. तेवढेच देवाला सांगा. मी तेच सांगितले, की मला काही सुचत नाही. स्तोत्रसंहिता हातात घेऊन बसले. त्या पुस्तकात रडणाऱ्या माणसांच्या कितीतरी प्रार्थना आहेत, त्या उसन्या घेतल्या तर चालतात.

दुसऱ्या दिवशी कुणाला तरी सांगा. पाळकांना सांगा, बहिणीला सांगा. आपल्या लोकांत एक खोटी लाज आहे. अडचण सांगितली तर विश्वास कमी पडला असे लोक म्हणतील, ही ती लाज. मी तीन आठवडे गप्प राहिले. रविवारी उपासनेला चांगली साडी नेसून जात होते आणि घरी चहात साखर मोजून घालत होते. शेवटी महिला मंडळाच्या वहीचा हिशेब द्यायची वेळ आली आणि माझा हात थरथरला. एका बाईने विचारले, काय झाले? मी सांगून टाकले. संध्याकाळी दोघी आल्या. एकीने पिशवीत गहू आणि चहापत्ती आणली होती. दुसरी कोर्टात कारकून होती. ठेवीदारांनी अर्ज कुठे करायचा ते तिने लिहून दिले. देवाने मला कसे सांभाळले असे कुणी विचारले तर मी त्या दोघींची नावे सांगते.

त्या रात्री मला पुन्हा प्रार्थना आली. पैसे आले नव्हते, तरी आली.

म्हणून मंडळीतल्या वडील मंडळींना विनंती आहे. आजारी आणि कामावरून काढलेल्या माणसांसाठी वेगळा निधी ठेवा, लहान असला तरी. त्याचा हिशेब उघड ठेवा, घेणाऱ्याचे नाव मात्र उघड करू नका. प्रवेशद्वाराची कमान पुढच्या वर्षी बांधली तरी चालेल.

आणि तुम्हाला एक विनंती. तुमच्या मंडळीत या वर्षी कुणाची मिळकत थांबली आहे, ते तुम्हाला माहीत आहे. गेल्या काही रविवारी ते मागच्या बाकावर बसतात आणि आशीर्वाद होताच निघून जातात. येत्या रविवारी उपासना सुटली की आधी त्यांच्या घरी जा. पिशवीत थोडे काही घेऊन जा, आणि बसा.